सातबाऱ्याबाहेरचा शेतकरी

एक

दोन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गाला मी ‘आमच्या घरातील शेतकरी’ या विषयावर पानभर लिहायला सांगितले. वर्ग शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतला. कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, बौद्ध अशी सगळी मुले-मुली. बहुतेकांनी जे लिहिले ते पाठ्यपुस्तकातून आलेले होते. बळीराजा, काळी आई, जगाचा पोशिंदा, घामाचे मोती. एका मुलीने मात्र चारच ओळी लिहिल्या. त्यांचा आशय असा : आमच्या घरी शेतकरी कोणी नाही. आई-वडील शेतात काम करतात. आवणी, कापणी, झोडणी सगळे करतात. पण शेतकरी म्हणजे ज्यांच्या खात्यात पैसे येतात ते.

या चार ओळींना किती गुण द्यावेत हे मला त्या दिवशी ठरवता आले नाही. निबंध म्हणून लेखन अपुरे होते. व्याख्या म्हणून अचूक होते. शासनाच्या लेखी शेतकरी कोण, हे त्या मुलीने एकही शासन निर्णय न वाचता ओळखले होते. आणि मराठी समीक्षेने, जिच्यावर माझे पोट चालते, हा प्रश्न स्वतःला कधी नीट विचारलेला नव्हता.

शासन निर्णयाची चिकित्सा करणे हे मराठीच्या प्राध्यापकाचे काम आहे काय, असे कोणी विचारील. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी कवितासंग्रह येत नाहीत, दिवाळी अंक येत नाहीत. तेथे येणारे मराठी गद्य म्हणजे अर्ज, हमीपत्र, पंचनामा आणि सातबाऱ्याचा उतारा. या गद्यातील एकेक शब्द ताटातला भात वाढवतो किंवा काढून घेतो. एवढे सामर्थ्य असलेल्या गद्याकडे जी समीक्षा ढुंकून पाहत नाही, तिने स्वतःला जीवनवादी म्हणवून घेऊ नये. म्हणून या लेखात मी एकाच शब्दाची चिकित्सा करणार आहे. तो शब्द ‘शेतकरी’.

दोन

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट बँकेच्या खात्यात. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांपुरती होती. त्याच वर्षी जूनपासून ही मर्यादा उठवण्यात आली. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नमो शेतकरी महासन्मान निधी काढून आणखी ६,००० रुपयांची भर घातली. म्हणजे पात्र कुटुंबाला वर्षाचे १२,०००.

पात्र कोण? ज्याचे नाव १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या दप्तरात धारक म्हणून आहे तो. त्यानंतर वारसाने नाव लागले तर चालते. खरेदीने लागले तर चालत नाही. अपात्र कोण, याची यादी योजनेने काळजीपूर्वक केली आहे. प्राप्तिकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकर, दरमहा १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, आणि व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते. ही यादी वाचून प्रथमदर्शनी समाधान वाटते. सधनांना दूर ठेवण्याची दृष्टी तिच्यात आहे.

पण सर्वांत मोठा वगळलेला वर्ग या यादीत नाहीच. दुसऱ्याची जमीन खंडाने, अर्धेलीने, बटाईने करणारा माणूस आणि शेतमजूर यांना वगळण्यासाठी वेगळे कलम लिहावे लागलेले नाही, कारण मूळ व्याख्येतच त्यांना जागा नाही. ज्याला अंगणात येऊच दिलेले नाही, त्याला घराबाहेर काढण्याचा हुकूम कशाला काढावा लागेल? गावकुसाबाहेरच्या माणसाला ही पद्धत नवी नाही. पाणवठ्यावर पाटी कधीच नव्हती. तरी कोणी यायचे नाही हे सर्वांना ठाऊक होते.

‘सन्मान’ हा शब्दही तपासला पाहिजे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने १९७७ मध्ये ग्रामीण मजुराचा कामाचा हक्क मान्य केला, आणि २००५ मध्ये केंद्रानेही तसा कायदा केला. त्या कामावर माती खणायची, टाकायची, मग तिचे मोजमाप व्हायचे. मोजमाप कमी भरले की मजुरी कमी. त्या पैशाला कोणी सन्मान म्हटले नाही. सन्मान निधीसाठी मात्र एक ढेकूळ फोडल्याचाही पुरावा लागत नाही. मालकाचा विश्वास कागदावर धरला जातो, मजुराचा विश्वास खड्डा मोजल्यावर. एकाच राज्यसंस्थेची ही दोन गद्ये शेजारी ठेवून वाचली की श्रमाविषयी तिला काय वाटते ते कळते.

तीन

आता भाताच्या बोनसकडे वळू. शासन ‘धान’ म्हणते, आम्ही भात म्हणतो. शहापूर-मुरबाडकडे आधारभूत भावाने भाताची सरकारी खरेदी होते आणि तिच्या नोंदणीसाठी सातबारा लागतो. २०२०-२१ च्या हंगामात राज्याने आधारभूत भावावर क्विंटलला ७०० रुपये प्रोत्साहन दिले. त्या पैशाचे नाते दाण्याशी होते. दहा क्विंटल भात घातले तर ७,००० रुपये. पैसे मालकाच्या खात्यात जात, हे खरे. पण अर्धेलीने शेत करणारा निदान म्हणू शकत होता की पाच क्विंटल माझे, तेव्हा साडेतीन हजार माझे. भांडायला त्याच्यापाशी दाणा होता.

२०२२-२३ पासून हिशेब बदलला. मदत क्विंटलवर न देता क्षेत्रावर जाहीर झाली : हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पुढच्या हंगामात हेक्टरी २०,०००. खरेदीतील गैरप्रकारांना, बाहेरचा भात आणून बोनस उचलण्याला आळा बसावा असे त्याचे समर्थन होते, आणि त्यात तथ्य आहे. पण या बदलाचा सामाजिक अर्थ कोणी सांगितला नाही. पैसा दाण्यापासून सुटला आणि जमिनीला चिकटला. दाण्यात कसणाऱ्याचा वाटा रूढीने मान्य होता. जमिनीत त्याचा वाटा कोणत्याच रूढीने मान्य नाही. कारकुनी दृष्टीने पाहिले तर एका रकान्यातील आकडा दुसऱ्या रकान्यात गेला, एवढेच घडले. तेवढ्याने एका वर्गाचा तोंडी हक्कसुद्धा संपला.

चार

येथे मला माझ्या घरात यावे लागेल. माझे आई-वडील मुरबाड तालुक्यात एका मालकाची दोन एकर भातशेती अर्धेलीने करीत आले. बी आणि खत निम्मे निम्मे, अंगमेहनत सगळी आमची, पीक निम्मे निम्मे. मालक कल्याणला राहतात. माणूस भला आहे, माझ्या बी.ए.च्या शुल्कासाठी त्यांनी एकदा उसने पैसेही दिले होते. वडील गेले, आई अजून राब भाजते, अजून आवणीला वाकते. या व्यवहाराचा कागद कधी झाला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अवकाळी पाऊस लागला. कापून खाचरात पसरलेले भात भिजले, त्याला कोंब फुटले. पंचनामा झाला. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये मदत जाहीर केली. दोन एकरांचे साधारण ६,४०० रुपये झाले. ते जेथे जायचे तेथे गेले. पंचनाम्याच्या कागदावर आईचे नाव नव्हते. पंचनामा करणारे ज्या बांधावर उभे होते, तो बांध तिने घातलेला होता.

संक्रांतीला मालक गावी आले. त्यांनी आईला एक हजार रुपये आणि साडी दिली. आईला आनंद झाला. मी हिशेब मांडला : पीक निम्मे तुझे, म्हणजे नुकसान निम्मे तुझे, म्हणजे ३,२०० रुपये तुझे. ती म्हणाली, “जमीन त्यांची तं पैसाबी त्यांचाच. आपुन काय कागुद दावनार?”

मला राग मालकाचा आला नाही. राग आला तो त्या पैशाने वाटेत बदललेल्या रूपाचा. सरकारी खजिन्यातून निघताना ती नुकसानभरपाई होती. मालकाच्या खात्यात ती अनुदान म्हणून पोहोचली. आईच्या पदरात पडली तेव्हा ती ओवाळणी झाली होती. तिच्याच भाताच्या नासाडीचे पैसे तिने उपकार म्हणून घेतले आणि वर आशीर्वाद दिला. ‘अनुदान’ या शब्दात ‘दान’ आहे. ज्यांच्या मागच्या पिढ्यांनी खळ्यावर पदर पसरला, त्यांना या शब्दाचा उच्चार सोपा जात नाही. माझ्या आईच्या बाबतीत ‘अनु’ गळून गेले आणि दान तेवढे उरले.

याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अप्रामाणिक ठरेन. आमच्या भावकीला महारकीचे थोडे वतन होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा १९५९ पासून अमलात आला, तेव्हा ठरावीक रक्कम भरून ती जमीन नव्या शर्तीने परत मिळवता येत होती. माझ्या चुलत आजोबांनी रक्कम भरली. ते गिरणीत कामाला होते. माझ्या आजोबांना ती जमली नाही. आज त्या चुलत घरातील एक भाऊ उल्हासनगरला दुकान चालवतो. वाटण्या होऊन त्याच्या नावावर सात गुंठे उरले आहेत आणि त्यांवर गवत वाढते. त्याला सन्मान निधी मिळतो. दोन एकर भात पिकवणाऱ्या माझ्या आईला मिळत नाही. तेव्हा हा केवळ सवर्ण विरुद्ध दलित असा सरळ देखावा नाही. जातीने जमिनीचा कागद कोणाच्या हाती द्यायचा हे शतकानुशतके ठरवले. आता तो कागद, जातीचे नावही न घेता, तेच काम पुढे चालवतो आहे.

पाच

हा कागद म्हणजे सातबारा. गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांचा तो जोड-उतारा. सातमध्ये जमीन कोणाची ते असते, बारामध्ये तिच्यात काय पिकले ते. जुन्या बारा नमुन्यात ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा एक रकाना होता. प्रत्यक्ष चिखलात उभ्या असलेल्या माणसासाठी सरकारी दप्तराने ठेवलेली ती जागा होती. मी पाहिलेल्या जुन्या उताऱ्यांत त्या रकान्यात एकच शब्द पुनःपुन्हा येतो : ‘खुद्द’. मालक मुंबईला असो, कल्याणला असो, शेत ‘खुद्द’ करतो. मराठीत इतके काल्पनिक वाङ्मय दुसऱ्या कोणत्याही दप्तराने निर्माण केले नसेल.

हे का झाले? कारण १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा मालक होण्यास पात्र ठरला. ठाणे जिल्ह्यातील अनेक कुणबी, आगरी, आदिवासी कुळांच्या हाती यामुळे जमीन आली, आणि हे या कायद्याचे मोठेपण निर्विवाद आहे. पण कुळाकडे जो राबत होता, तो ज्याच्या नावाची नोंदच नव्हती, त्याला या दिवसाने काही दिले नाही. शिवाय प्रत्येक जमीनधारक एक धडा शिकला : दुसऱ्याचे नाव कागदावर येऊ द्यायचे नाही. अर्धेली थांबली नाही. फक्त मुकी झाली. कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्या कायद्याच्या सावलीतच कसणारा अदृश्य झाला. आज त्याच मुक्या व्यवहारावर सन्मान निधी, पीकनुकसानीची मदत आणि बोनस असे मजले चढत आहेत. २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तोही जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. म्हणजे ओळखसुद्धा आता माणसाची राहिली नाही, गटाची झाली.

जंगलपट्टीत हेच निराळ्या रीतीने घडते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्याचा दावा मंजूर झाला, त्याच्या हातात निदान पट्टा आला. ज्याचा दावा अडला किंवा फेटाळला गेला, तो ठाकूर किंवा कातकरी वरकस फोडून नाचणी-वरई पिकवतो. दिवाळीनंतर तो भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जातो, आणि कोणत्याच दप्तरात शेतकरी ठरत नाही.

बाबासाहेबांनी प्रश्नाला हात घातला तो अनुदानापासून नव्हे, मालकीपासून. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात ते त्याहून पुढे गेले : शेती हा राज्याचा उद्योग असावा, आणि जमीन गावकऱ्यांना जातधर्म न पाहता अशी कसायला द्यावी की जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हे तिन्ही वर्ग उरू नयेत. आपण काय स्वीकारले? जमीनदार बदलले, कूळ लपवले, भूमिहीन तसेच ठेवले, आणि वर खात्यात पैसे पाठवू लागलो.

भूमिहीन दलितांसाठी शासनाची स्वतंत्र योजना आहे, असे सांगितले जाते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे : चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन, आणि २०१८ पासून तीही पूर्ण अनुदानावर. खरेदीची मर्यादा जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाख. हेतू उत्तम आहे. पण शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, मुरबाडच्या माळांवर शहरवाल्यांची फार्म हाऊसे उभी राहिली. या भावात रस्त्याकडेची जमीन विकायला येणारा मालक आम्हाला दाखवावा. ज्या दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा करून हजारोंना तुरुंगात नेले, त्यांचे नाव योजनेला आहे. त्यांचा लढा योजनेत नाही.

सहा

आता साहित्याकडे येतो, कारण त्या मुलीच्या चार ओळींची जबाबदारी आमच्याकडेही येते.

शासनाने आपला शेतकरी शून्यातून घडवला नाही. मराठी ग्रामीण साहित्याने तो आधी रंगवून ठेवला होता. या साहित्यातील नायकाला बहुधा स्वतःचे वावर असते, बैलजोडी असते, आभाळाकडे पाहण्याचा हक्क असतो. पाऊस त्याचा असतो, दुष्काळ त्याचा असतो, कर्जही त्याचे असते. मजूर येतो तो बांधावरून जाताना, सुगीत गर्दी म्हणून, किंवा मालकाच्या मनाचा मोठेपणा दाखवायला. ऐंशीच्या दशकात शेतकरी चळवळीने रास्त भावाची मागणी पुढे आणली तेव्हाही वाक्याचा कर्ता हाच राहिला. भाव वाढला की मजुरी आपोआप वाढेल, अशी आशा दाखवून मजुराला त्याच्यामागे उभे केले गेले.

जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यांचा शेतकरी हा राबणारा, नाडला गेलेला शूद्र होता, आणि बळीराजा ही न्यायाची स्मृती होती. आज बळीराजा जाहिरातीच्या फलकावर पागोटे घालून हसतो. ज्याच्या नावाने राज्य बदलायचे होते, त्याच्या नावाने हप्ता वाटला जातो.

आणि आमच्या समीक्षेने काय केले? तिने ग्रामीण साहित्य आणि दलित साहित्य अशा दोन पेट्या केल्या. पहिलीत शेत ठेवले, दुसरीत गावकूस ठेवले. जणू गावकुसाबाहेरचा माणूस शेतात कधी गेलाच नाही! दया पवारांच्या आत्मकथनाचे नावच ‘बलुतं’ आहे. बलुते म्हणजे शेतीच्या उत्पन्नातील कामकऱ्याचा अपमानित वाटा. १९७८ मध्ये आलेले ते पुस्तक आम्ही जातीच्या वेदनेचे म्हणून वाचले, ते बरोबरच होते. पण शेतीच्या अर्थकारणाचे पुस्तक म्हणून ते अभ्यासक्रमात कोणी लावले? गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० चे पुस्तक याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील वारली वेठबिगारांचे. कसणारा एक, मालक दुसरा, हे त्यात पानोपानी आहे. त्याला आम्ही चळवळीचा इतिहास म्हटले. शेतकऱ्यांचे साहित्य म्हटले नाही.

माझे म्हणणे असे की मराठीतील दलित आणि आदिवासी लेखनाचा मोठा भाग हे शेतीचेच साहित्य आहे. फक्त ते सातच्या बाजूचे नाही, बाराच्या बाजूचे आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्या माणसांपैकी शेकडा पंचेचाळीसच्या आसपास शेतमजूर आहेत. शेतकरी म्हणून नोंदलेले शेकडा पंधराच्या आत आहेत. या समाजाचे आत्मकथन शेतीबाहेरचे कसे असेल? त्यात शेत आहे, पण ते मजुरीच्या बाजूने दिसणारे आहे. ही दृष्टी समीक्षेने स्वीकारली असती, तर ‘शेतकरी’ या शब्दाचा अर्थ महसूल खात्याला एवढ्या सहजासहजी ठरवता आला नसता.

सात

दोन हजारांच्या हप्त्याने कोणाचे भले होते, त्यावर एवढी चर्चा कशाला, असे माझे कुणबी मित्र म्हणतील. त्यांचे बरोबर आहे. एक-दोन एकरांच्या धन्याला खताचा आणि पॉवर टिलरच्या भाड्याचा खर्चही त्यातून निघत नाही. त्याचा हप्ता काढून घ्या, असे मी म्हणत नाही. त्याचे आजोबाही कूळच होते, हे त्याने विसरू नये एवढेच म्हणतो. आज ज्याच्या शेतात माझी आई वाकते, त्याचा आजोबा एकदा दुसऱ्याच्या शेतात असाच वाकला होता. कागदावर नाव लागले आणि त्याचे माणूसपण सरकारला दिसू लागले. तेच आम्ही मागतो आहोत.

आणि हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचे पीकहक्काचे कार्ड देण्याची सोय केली. मालकी मालकाचीच राहते, पीक मात्र कसणाऱ्याच्या नावे लागते. आणि मदतीच्या योजनेत अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग व अल्पसंख्य यांतील भूमिहीन खंडकऱ्यांना घेतले गेले. ओडिशाने त्याच सुमारास भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना आपल्या योजनेत जागा दिली. तेथेही सगळे सुरळीत चालले असे नाही. मालक संमती देत नाहीत, कार्डे कमी निघतात. पण व्याख्या बदलता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आमच्याकडे तर नवा कागदही शोधायला नको. तलाठ्याच्या दप्तरात गावनमुना ‘सात-ब’ आहे. नोंदीतील माणसाऐवजी दुसऱ्याच्या ताब्यात जमीन असेल, तर त्याची नोंद करण्यासाठीच तो आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचाही काही भाग येतो. तेथे ग्रामसभेला पेसा कायद्याचे बळ आहे. कोणते खाचर कोण करते, हे पाड्यातील शेंबडे पोरही सांगते. ग्रामसभेने दरवर्षी आवणीनंतर त्याची यादी वाचावी, ठरावात लिहावी आणि नुकसानीच्या पंचनाम्याला ती जोडण्याचा आग्रह धरावा. कार्यकर्त्यांनी निवेदनात ‘शेतकरी’ हा शब्द लिहिताना ‘जमीन करणारे’ हा शब्द त्याच्याशेजारी लिहावा. शिक्षकांनी वर्गात तो शिकवावा.

त्या मुलीला मी शेवटी पूर्ण गुण दिले. वही परत करताना तिला म्हणालो, “तुझी आई शेतकरी आहे. हे तू वर्गापुढे वाचून दाखव.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, मग तिचं नाव कुठं लिहायचं?”

मी मराठीचा प्राध्यापक आहे. नावे कोठे लिहायची हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. जुन्या बारा नमुन्यातील तो एक रकाना तेवढा मला आठवत राहिला. त्यात ‘खुद्द’ असे लिहिलेले होते, आणि ती खुद्द शेतात उभी होती.